नीती कोठून येते?



विषय मोठा आहे आणि आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत व गावच्या वाचनालयात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. नीती जन्मतःच येते, असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, ती ग्रंथांतून येते. आमचा अनुभव असा की, ती आधी शेजारातून येते.

आमचे बालपण दौंडच्या रेल्वे वस्तीत गेले. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सहा-सात वर्षांचे होतो. वडील खलाशी. संप सुमारे तीन आठवडे चालला. घरात पैसा नव्हता. त्या दिवसांत आई डब्यातले पीठ शेजारच्या घरी वाटून देई. आम्ही विचारले, "आपल्यालाच पुरत नाही, मग त्यांना का?" आई म्हणाली, "त्यांचाबी माणूस संपावरच हाय ना?" 'एकजूट' हा शब्द पुढे पुस्तकात भेटला; अर्थ त्या डब्याने आधीच सांगितला होता.

पण बाहेरून चांगलेच तेवढे येते, असे नाही. पुढे शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या कारखान्यांत आम्ही युनियनचे काम केले. तेथे एका ठिकाणी कायम व कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर राबत. पास मात्र निराळे, वेतन निराळे, जेवणाची जागाही निराळी. वर्षभरात आमचेच सभासद 'तो कंत्राटदाराचा माणूस' असे बोलू लागले. एकदा अशा एका मुलाचे बोट यंत्रात सापडले. आमच्या सभासदांनी पाहिले आणि पुन्हा कामास लागले.

त्या रात्री सभेत आम्ही फार रागावलो. घरी जाताना मात्र ध्यानात आले की, मागणीपत्र आम्हीच लिहिले होते आणि त्यात त्या मुलांसाठी एक ओळही नव्हती! ती माणसे दुष्ट नव्हती. आपले कोण व परके कोण, हे त्यांना पासाच्या रंगाने शिकविले होते, आणि त्या शिकवणीवर शिक्का आम्ही मारला होता.

मग माणूस परिस्थितीचा गुलाम काय? तसे नाही, कारण परिस्थिती माणसालाच बदलता येते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून ती मागितली. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मंजूर झाली. आज अशी सुटी नाकारणाऱ्यास आपण सहज अन्यायी म्हणतो. ही नीती आकाशातून पडली नाही. ती झगडून मिळविलेली आहे.

पुढच्या मागणीपत्रात आम्ही एकत्र जेवणाची मागणी घातली. ती मान्य होण्यास दोन वर्षे लागली. एका पंक्तीला बसू लागल्यावर ते जुने बोलणे कमी झाले. उपदेश कोणी केला नव्हता.

मुलांवर संस्कार कसे करावे, ही चिंता आपणां सर्वांस आहे. ती वाहताना एवढे पाहावे की, आपल्या घरी कामवाल्या बाईंचा चहाचा कप निराळा ठेवलेला आहे काय? मुले आपला उपदेश ऐकतात, पण तो कप त्यांनी आधीच पाहिलेला असतो.