नऊशे एकावी खुर्ची



रविवारी संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड दिसला की आपण शेजाऱ्याला म्हणतो, ‘निर्माता नोटा छापतोय!’ मीही म्हणायचो. मग कॉलेजात असताना, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, सुटीचे दोन महिने पुण्यात एका नाटकाच्या बुकिंगच्या खिडकीत मदतनीस म्हणून बसलो, आणि ते म्हणणं आपोआप बंद झालं.

खिडकीत आमचे बुकिंगवाले काका असायचे. त्यांच्यापुढे प्लॅन पसरलेला. प्लॅन म्हणजे नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा. तिकीट गेलं की त्या चौकोनावर निळ्या पेन्सिलीची फुली, आणि फोनवर सांगून ठेवलेल्या जागेवर लाल टिंब. लाल टिंबवाला प्रयोगाआधी अर्धा तास आला नाही तर टिंब खोडून जागा दुसऱ्याला. शाई वापरायची नाही हा काकांचा नियम होता. ‘माणसं शब्द देतात पेन्सिलीनं,’ असं ते म्हणत.

काका तो प्लॅन वाचायचे, अगदी ज्योतिषी कुंडली वाचतो तसा. गुरुवारी दुपारी एक नजर टाकून सांगायचे, ‘रविवारी पाऊण होईल. मागून भरतंय.’ मागून भरतंय म्हणजे स्वस्त तिकिटं आधी चालली आहेत. विद्यार्थी, नोकरदार, पोरंबाळं घेऊन येणारी कुटुंबं येतायत, म्हणजे नाटकाचं नाव तोंडोतोंडी झालंय. पुढून भरत असेल तर लोक नटाला बघायला येतायत. पुढून भरलेलं नाटक तीन आठवड्यांत उतरतं, मागून भरलेलं वर्ष काढतं, असं त्यांचं गणित. ते दर वेळी खरं ठरायचं असं नाही, पण निर्मातासुद्धा आधी काकांना विचारायचा आणि मग पुढच्या महिन्याच्या तारखा घ्यायचा.

एक बुधवार मला पक्का आठवतो. पाऊस धो धो. विक्री एकशे बारा तिकिटांची. पहिल्या पाच ओळींत जेमतेम नऊ माणसं. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विनोद करायचा म्हणजे नटाला शिक्षाच, म्हणून दुसऱ्या घंटेनंतर व्यवस्थापकांनी मागच्या मंडळींना पुढे यायला सांगितलं. सगळे आले. शेवटच्या ओळीतले एक आजोबा तेवढे हलेनात. व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, ‘आजोबा, पुढे या ना, जास्तीचे पैसे नाही घेत.’ आजोबा म्हणाले, ‘मी वीसचं तिकीट काढलंय. वीसच्या जागेवर बसणार. उद्या तुम्ही मला पन्नासच्या जागेची सवय लावाल.’ आणि ते तिथूनच सगळ्यात मोठ्यानं हसले.

आता जरा हिशेब करू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा नाट्यगृहात नऊशे खुर्च्या आहेत. तीनशे पाचशेच्या, तीनशे चारशेच्या, तीनशे तीनशेच्या. सगळ्या गेल्या तर गल्ला तीन लाख साठ हजारांचा. प्रयोगाचा खर्च समजा दोन लाख. त्यात सभागृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, कलाकारांची नाइट (म्हणजे प्रयोगामागचे पैसे), रंगमंचामागच्या मंडळींचे पैसे, दिवे, ध्वनी, टेम्पो, चहा. उरले एक लाख साठ हजार. छान! पण अर्धंच सभागृह भरलं तर? गल्ला एक लाख ऐंशी हजारांचा, आणि खर्च तोच दोन लाख. साडेचारशे माणसं आली म्हणून नायिका अर्धीच रडत नाही आणि टेम्पोवाला निम्मं सामान आणत नाही. वीस हजार खिशातून गेले. म्हणजे एक भरलेला रविवार असे आठ अर्धे बुधवार पोसतो. आणि नेपथ्य, तालमी, पहिल्या जाहिराती यांत आधीच घातलेले लाखो रुपये अजून वसूल व्हायचेच आहेत.

यात खरी अडचण खर्चाची नाही. अडचण आहे ती नऊशे एकाव्या खुर्चीची. ती नसते. चित्रपट चालला तर त्याच दिवशी आणखी शंभर पडद्यांवर लावता येतो. नाटक कितीही चालो, त्या संध्याकाळी ते एकाच ठिकाणी होतं आणि खुर्च्या तेवढ्याच असतात. म्हणून चित्रपटवाले कोटी मोजतात आणि आपण प्रयोग मोजतो. रौप्यमहोत्सव, शतकमहोत्सव हे आपले शब्द उगाच आलेले नाहीत. नट प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात झाला, नाटक ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’. त्या बातमीत तो साडेबारा हजारांचा आकडाच सगळ्यांच्या तोंडी होता. एकूण गल्ला किती झाला हे कुणी विचारलंसुद्धा नाही. एका दिवसात पाच प्रयोग करण्याचा विक्रमही त्यांच्या नावावर आहे. नऊशे एकावी खुर्ची निर्माण करायचा हा एकच मार्ग, आणि तो नटाच्या घशातून आणि गुडघ्यांतून जातो.

मराठी नाटकाला तिकीट लागलं तेच मुळी गरजेपोटी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा खर्चाची चिंता तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या दरबाराची होती. चिंतामणराव १८५१ मध्ये गेले आणि आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, १८५३ साली मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. राजा गेला आणि त्याच्या जागी खिडकी आली, असं मला नेहमी वाटतं. राजाला खूश ठेवणं सोपं की खिडकीला, हा प्रश्न मात्र ज्यानं दोन्ही पाहिलं त्यालाच विचारायला हवा.

खिडकी भरलेली असताना कंपनी बुडू शकते याचा पुरावा म्हणजे बालगंधर्व. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे, तरी थिएटर ओसंडून वाहिलं. म्हणजे आपला माणूस तिकिटाला पैसे टाकत नाही हे खरं नाही. त्याला वाटलं तर टाकतो. पण त्याच काळात बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा बोजा होता. रंगमंचावर शालू खरा पाहिजे, गालिचा खरा पाहिजे, अत्तर खरं पाहिजे. गल्ल्यात येणारा रुपया नाटकातच परत जात होता. आणि कंपनी म्हणजे मोठं बिऱ्हाड. नट, साथीदार, आचारी सगळे पगारी. खेळ होवो न होवो, चूल पेटायचीच. बोलपट आले तशी ही बिऱ्हाडं एकेक करून मोडली. बालगंधर्वांनाही ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त काम करावं लागलं, तो १९३५ साली आला.

पुढे जी व्यवस्था रुळली ती नाइटची. महिन्याचा पगार बंद, प्रयोगामागे पैसे. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. निर्मात्याच्या डोक्यावरचं ओझं त्यामुळे हलकं झालं. ते नाहीसं झालं नाही, नटाच्या डोक्यावर गेलं. मोठ्या नटाची नाइट आणि दारात उभं राहणाऱ्या गड्याची नाइट, दोघांना शब्द एकच. गंमत आहे.

परदेशातल्या रंगभूमीशी आपली तुलना करतात, ती करताना एक गोष्ट विसरतात. न्यूयॉर्कला ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८८ ते २०२३ एकाच मॅजेस्टिक नाट्यगृहात चाललं, १३,९८१ प्रयोग. त्या नाटकातलं झुंबर एकदा टांगलं ते टांगलं. आपल्याकडे सकाळी बालनाट्य, दुपारी एक नाटक, रात्री दुसरं. दुपारच्या नाटकाचा पडदा पडला की अर्ध्या तासात दिवाणखाना मोडून टेम्पोत, आणि रात्रीच्या नाटकाचा वाडा टेम्पोतून रंगमंचावर. दादरला शिवाजी मंदिरात असो की ठाण्याला गडकरी रंगायतनात, आपलं प्रत्येक नाटक रोज दौऱ्यावरच असतं. ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं तेव्हा प्रभाकर पणशीकर आणि मंडळी फिरता रंगमंचसुद्धा गावोगावी घेऊन फिरली. तुमच्या तिकिटातले काही रुपये नाटकाचे नसून डिझेलचे असतात, हे मला काकांनीच पहिल्यांदा सांगितलं.

मग दर का वाढवत नाहीत? न्यूयॉर्कमध्ये २००१ साली ‘द प्रोड्यूसर्स’ला अशी झुंबड उडाली की काळा बाजार करणाऱ्यांनी खाण्यापेक्षा आपणच खाऊ म्हणून निर्मात्यांनी काही खुर्च्या ४८० डॉलरला विकायला काढल्या. आपल्याकडे सर्वांत चांगल्या खुर्चीचा दर अनेक नाटकांत पाचशेवर येऊन थांबतो. त्यात सवयीचा भाग आहे, पण करांचाही आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्याच्या वर गेलात की अठरा टक्के, तेही सगळ्या रकमेवर. समजा निर्मात्यानं हिंमत करून करासकट साडेपाचशेचं तिकीट काढलं. कर भरून त्याच्या हाती येतात चारशे सहासष्ट. पन्नास वाढवले आणि चौतीस गमावले! पाचशे पदरात पडायचे तर पाचशे नव्वद घ्यावे लागतात. पाचशे ते पाचशे नव्वद हा पट्टा म्हणजे दलदल. त्यात कुणी पाय टाकत नाही.

मी स्वतः दरवाढीच्या बाजूचा आहे, पण फक्त पुढच्या ओळींपुरता. तीन तास नऊ माणसं समोर घाम गाळतात, आणि त्याच संध्याकाळी हॉटेलात चौघांचं बिल किती होतं ते आपण न कुरकुरता भरतो. पण मागच्या चार ओळी स्वस्त राहिल्याच पाहिजेत. काकांचं कुंडलीशास्त्र त्या ओळींवरच चालायचं. त्या ओळींतला मुलगा वीस वर्षांनी पुढच्या ओळीत येतो. आणि ते आजोबा मागेच बसतात, त्यांचं काय करणार!

करोनानं हा सगळा हिशेब उघडा केला. मार्च २०२० मध्ये पडदा पडला. नोव्हेंबरात सरकारनं परवानगी दिली ती पन्नास टक्के खुर्च्यांची, एक सोडून एक. म्हणजे मघाचा अर्धा बुधवार, आणि तोही कायद्यानं! तरी नाटकं झाली. तिकिटं विकली गेली तरी अर्धं सभागृह रिकामं दिसणार, हे माहीत असून नट उभे राहिले.

आता खिडकी फोनात गेली. रंगीत चौकोन, बोट लावलं की करडे होतात. सोय आहे, नाही कशाला म्हणू. फक्त ‘खांबाआड नको हं’ म्हणून सांगायला कुणी नाही. मी अजूनही तो रंगीत प्लॅन उघडला की आधी बघतो, पुढून भरतोय की मागून.

खिडकीतल्या त्या सुटीतला माझा शेवटचा रविवार. बोर्ड लागला. काकांनी तो कपाटामागून काढून स्वतः फडक्यानं पुसला होता. नाटक संपलं, गर्दी पांगली, रिक्षावाल्यांचा कालवा थांबला. निर्माते खिडकीशी आले, चेहरा उजळलेला. काकांनी गल्ला मोजून रबर लावला, पाकिटं केली. हे भाड्याचं, हे जाहिरातीचं, ही नाइटची, हे विजेचं. एकेक पाकीट निघून गेलं. मी नवखा, न राहवून विचारलं, ‘साहेब, आज तर हाउसफुल्ल. उरले किती?’

निर्मात्यांनी बाहेर बघितलं. दोन गडी नेपथ्याचा दरवाजा आडवा करून टेम्पोत चढवत होते.

‘टेम्पो जाऊ दे,’ ते म्हणाले, ‘मग सांगतो.’