राजवाड्यांतील हरणें

परभणीहून कोल्हापूरला जावयाचें म्हणजे आगगाडींत एक सबंध रात्र काढावी लागते. परळी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज हीं ठाणीं ओलांडतां ओलांडतां कपाशीची काळी जमीन मागें पडते, उसाचे मळे लागतात आणि डब्यांतील माणसांचें बोलणेंहि पालटूं लागतें. दुधना नदीच्या कांठच्या एका गांवचें कुटुंब नाताळच्या सुटींत असेंच कोल्हापूरला आलें होतें. मुलगा परभणीस शिक्षक. त्याची पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि गांवीं शेती पाहणारे वडील, अशीं चार माणसें. अंबाबाईचें दर्शन हा प्रवासाचा हेतु होता. राजवाडा पाहावयाचा हा नातीचा हट्ट. आजोबांचा जीव मात्र निम्मा गांवींच अडकला होता. हरभरा फुलावर आलेला, आणि रात्रीं रानांत जागावयास एकटा पुतण्या. हरणांचा कळप एकदां पिकांत शिरला कीं खाण्यापेक्षां तुडवण्यानेंच अधिक नुकसान होतें, हें ज्यांनीं मराठवाड्यांतील शिवारें पाहिलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

सकाळीं देवीचें दर्शन उरकून मंडळी नव्या राजवाड्याच्या आवारांत शिरली. ही वास्तु काळ्या घडीव दगडाची असून तिचें बांधकाम १८७७ ते १८८४ या काळांत झालें. मेजर चार्लस् मँट नांवाच्या इंग्रज स्थापत्यकारानें तिचा आराखडा केला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची मूळ कल्पनाहि त्याचीच. दोन्ही इमारती पूर्ण झालेल्या पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें, कारण १८८१ मध्येंच तो वारला. मध्यें अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ, खालीं गुजरात-राजस्थानांतील मंदिरांची आठवण करून देणाऱ्या कमानी आणि त्यांच्या जोडीला मराठी वाड्याचें वळण, असा हा मेळ आहे. कोणास तो मनोहर वाटेल, कोणास थोडासा भारावलेला. परंतु सकाळच्या कोंवळ्या उन्हांत तो काळा दगड चमकूं लागला म्हणजे टीका करण्याची इच्छा उरत नाहीं.

मुलीचें लक्ष इमारतीकडे नव्हतेंच. बागेच्या कडेला कुंपणाआड हरणें चरत होतीं आणि तिकडेच ती धांवली. शहरांतील मुलें कौतुकानें ओरडत होतीं, कोणी गवताच्या काड्या जाळींतून आंत सारीत होतें. आजोबा हळूहळू मागून आले आणि बराच वेळ कांहीं न बोलतां पाहत राहिले.

"आजोबा, किती गरीब दिसतात ना?" नातीनें विचारलें.

"गरीब हायेतच की, माय," आजोबा म्हणाले. "याचेच भाऊबंद आपल्या हरभऱ्यात येतात. तिथं आपण त्यायच्यापायी रातरात जागतो, अन् इथं लोक त्यायला चारा घालायलेत."

सुनेला हंसूं आलें. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हंसूं नाहीं हें पाहून तिनें तें आवरलें.

राजवाड्याच्या वरच्या भागांत राजघराण्याचा निवास आहे आणि तळमजल्यावर १९७४ पासून शहाजी छत्रपति संग्रहालय आहे. आंत छायाचित्रें घेण्यास बंदी असल्यामुळें माणसें निदान डोळ्यांनीं तरी पाहतात, हा त्या नियमाचा एक उपकारच म्हणावयाचा. दरबाराच्या दिवाणखान्यांतील रंगीत कांचांवर शिवचरित्रांतील प्रसंग आहेत. शस्त्रें, पोषाख, पत्रें, छायाचित्रें यांचा संग्रह मोठा आहे. परंतु बहुतेकांचे पाय खिळतात ते शिकारींत मारलेल्या जनावरांच्या दालनांत. वाघ, बिबटे, अस्वलें, गवे यांचीं कातडीं भरून केलेलीं शरीरें तेथें दाटीवाटीनें मांडलेलीं आहेत. जबडे उघडे, डोळे कांचेचे. हत्तीच्या पायापासून बनविलेल्या वस्तूहि दिसतात. त्या पाहून एके काळीं पाहुणे खूष होत असतील, पण आज मुलीनें त्या पाहिल्या आणि आईचा हात घट्ट धरला.

"हे सगळे वाघ राजानंच मारले का?" तिनें वडिलांस विचारलें. ज्या शाहू महाराजांबद्दल शाळेंत धडा होता, ज्यांनीं वसतिगृहें काढलीं, १९०२ मध्यें मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेच हे राजे, ही गोष्ट तिच्या मनास जुळेना. शिक्षक असलेल्या वडिलांसहि उत्तर चटकन् सुचलें नाहीं. महाराज मोठे शिकारी होते हें खरेंच. त्या काळीं संस्थानिकांच्या शिकारीस दोष देणारा माणूस क्वचितच सांपडला असता. पण शिकारी लोकांशीं त्यांचें नातें केवळ हौसेचें नव्हतें. फांसेपारधी ही जात फांस लावून हरणें व पांखरें धरण्यांत निष्णात. तिला सरकारनें गुन्हेगार ठरवून रोजची हजेरी लावून ठेवली होती. महाराजांनीं आपल्या राज्यांत ती हजेरी बंद केली आणि ज्यांना जग चोर म्हणे त्यांनाच पहाऱ्यावर नेमलें. वडिलांनीं एवढें सांगितलें तेव्हां आजोबा मध्येंच म्हणाले, "आपल्याकडं पारधी आला की पाटील अजूनबी दार लावून घेतो."

कोल्हापूरची शिकार म्हटली म्हणजे चित्त्याची हकीकत आल्याशिवाय राहत नाहीं. येथें एक खुलासा अवश्य आहे, कारण वर्तमानपत्रेंसुद्धां बिबट्यास चित्ता म्हणून मोकळीं होतात. बिबट्या दबा धरणारा, झाडावर चढणारा, अंगावर फुलासारखे पोकळ ठिपके असलेला. चित्ता सडपातळ, उंच पायांचा, भरीव ठिपक्यांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असलेला आणि मोकळ्या माळावर धांवून शिकार करणारा. थोड्या अंतरापुरता तो तासाला सुमारें १०० किलोमीटरच्या वेगानें धांवतो. मग त्याचा दम संपतो. माणसाशीं तो लौकर रुळतो, म्हणून कित्येक शतकें राजेलोकांनीं त्याला काळविटाच्या शिकारीसाठीं पाळलें. शाहू महाराज आणि त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळांत कोल्हापुरांत हे चित्ते होते व त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी चढवून चित्त्यास गाडींतून माळावर न्यावयाचें, कळप दृष्टीच्या टप्प्यांत आला कीं टोपी काढावयाची. बाकीचें काम कांहीं क्षणांचें. काळवीट पडलें म्हणजे चित्तेवान धांवत जाऊन लाकडी पळींत शिकारीचें रक्त चित्त्यापुढें धरी. तो तें चाटूं लागला कीं हळूच त्याची पकड सोडवून पुन्हा टोपी घाली.

या खेळांत एक मोठी गोम होती. पाळलेला चित्ता त्या काळीं पिंजऱ्यांत सहसा प्रजा वाढवीत नसे. जहांगीर बादशहाच्या पदरीं चित्त्याला पिल्लें झालीं तेव्हां तें नवल म्हणून त्यानें लिहून ठेवलें, इतकी ती दुर्मिळ गोष्ट. शिवाय शिकारीस उपयोगी पडावयाचा तो आईकडून शिकार शिकलेला, वाढलेला चित्ताच. त्यामुळें प्रत्येक दरबारास प्रत्येक वेळीं रानांतूनच नवें जनावर धरून आणावें लागे. माळरानें नांगराखालीं गेलीं, चित्ते बक्षिसासाठींहि मारले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं देशांत धरावयास चित्तेच मिळेनात. तेव्हां कोल्हापूर व भावनगर या दरबारांनीं ते आफ्रिकेंतून आणविले. जें जनावर आपल्या संस्कृत नांवासह इथलें होतें, तें बोटीनें समुद्रापलीकडून आणावें लागावें, यापरतें दारिद्र्य तें कोणतें? १९४७ मध्यें सरगुजाच्या बाजूस कोरिया संस्थानच्या महाराजांनीं एकाच रात्रीं तीन चित्ते मारले. तेच बहुधा भारतांतील शेवटचे. १९५२ मध्यें चित्ता देशांतून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें सत्तर वर्षांनीं, १७ सप्टेंबर २०२२ रोजीं, नामिबियांतून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशांत कूनोच्या जंगलांत सोडले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतून आणखी बारा आले. त्यांतील कित्येक मेले, पण तेथें पिल्लेंहि जन्मलीं.

मुलगा हें सारें सांगत असतां आजोबा एका भरलेल्या वाघापुढें उभे होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे हरणाला खाणारं जनावर राजायनं संपवलं, अन् राखण आपल्या माथी आली."

बोलणें अगदींच न्यायाचें नव्हतें. चित्त्याच्या नाशास राजांइतकाच नांगरहि कारण झाला, आणि तो नांगर आजोबांच्या आजोबांचाहि होताच. शिवाय काळविटाचा दुसरा शत्रु लांडगा. त्याला कोणा राजानें नव्हे, मेंढ्यांसाठीं माणसानेंच हांकून लावलें. १९७२ च्या कायद्यानें काळविटास पूर्ण संरक्षण दिलें आहे, तेंहि योग्यच. नाहीं तर तेंहि चित्त्याच्या वाटेनें गेलें असतें. पण त्या संरक्षणाची किंमत कोण देतो, हा म्हाताऱ्याचा प्रश्न सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. वनखात्याकडून भरपाई मिळते. तींत पंचनामा आहे, कागदपत्रें आहेत, खेटे आहेत, आणि रात्रभर जागून लाल झालेल्या डोळ्यांचा रकाना कोणत्याच अर्जांत नाहीं.

चांदीच्या हौद्यापाशीं मुलगी पुन्हा खुलली. कोल्हापुरांत साठमारी नांवाचा एक भागच आहे. मस्तींत आलेल्या हत्तीस रिंगणांत सोडावयाचें, माणसांनीं त्यास डिवचावयाचें आणि तो अंगावर आला कीं भिंतींतील अशा अरुंद फटींत शिरावयाचें कीं जेथें माणूस मावेल, हत्ती मावणार नाहीं, असा तो खेळ. खेळ गेला, नांव राहिलें. हत्तींवरील या जिल्ह्याचें प्रेम मात्र गेलेलें नाहीं. जुलै २०२५ मध्यें नांदणीच्या जैन मठांतील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानें गुजरातेंत वनतारा येथें नेण्यांत आली, तेव्हां हजारों माणसें रस्त्यावर उतरलीं. तिची प्रकृति आणि एकाकीपणा हा एका बाजूचा मुद्दा होता. पिढ्यान् पिढ्यांची माया हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही बाजू हत्तिणीच्या नांवानेंच बोलत होत्या. हौद्यापुढें उभ्या असलेल्या एका वृद्ध कोल्हापूरकर बाईनें ही हकीकत सुनेस सांगितली आणि सांगतांना डोळ्यांस पदर लावला.

दुपारीं झाडाखालीं शिदोरी सोडली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि स्टेशनावर घेतलेले पेढे. त्याच वेळीं गांवाहून पुतण्याचा फोन आला. रात्रीं कळप आला होता. ओढ्याकडच्या बाजूचा हरभरा, दोन-तीन पट्टे, खाल्ला व तुडवला गेला. पुतण्या एकीकडे डबा वाजवीत राहिला आणि हरणें दुसरीकडून शिरलीं. आजोबांनीं तें ऐकून घेतलें, "तू जेवलास का?" एवढेंच विचारलें आणि फोन ठेवला.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, कूनोतला एक चित्ता आपल्याकडं आणला तर?"

"आणला तर हरणाआधी आपल्या शेळ्या खाईल," आजोबा म्हणाले. पण त्यांना ती कल्पना थोडी आवडलीहि असावी, कारण पुढें त्यांनीं विचारलें, "किती रान लागतं म्हने त्याला?"

मुलानें सांगितलें, कूनोचें राष्ट्रीय उद्यानच सातशें चौरस किलोमीटरहून मोठें आहे, आणि तेंहि चित्त्यांस पुरेल कीं नाहीं यावर तज्ज्ञांत वाद आहे. आजोबांनीं आपल्या शिवाराचा मनांत हिशेब केला आणि मान हलविली. दाजीपूरचें रान, जेथें एके काळीं कोल्हापूरचे राजे शिकारीस जात, तेंच १९५८ मध्यें गव्यांचें अभयारण्य झालें, हेंहि मुलानें सांगितलें. आणि त्या भागांतील गवे उसांत उतरतात, डिसेंबर २०२१ मध्यें तर एक गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला होता, हेंहि. "म्हणजे इथल्या शेतकऱ्यालाबी झोप नाही," असें म्हणून आजोबांनीं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

निघतांना नातीनें पुन्हा हरणांकडे जाण्याचा हट्ट धरला. ऊन कलूं लागलें होतें. एक पाडस कुंपणाशीं येऊन उभें राहिलें. आजोबांनीं इकडेतिकडे पाहिलें, खाली वांकून मूठभर गवत उपटलें आणि जाळीतून आंत धरलें. पाडसानें तें हुंगलें, ओढून घेतलें. मुलगी टाळ्या पिटीत होती. आजोबा हात झाडीत उभे राहिले आणि मुलास म्हणाले, "गाडी किती वाजता हाय? ओढ्याच्या बाजूनं उद्याच काटी टाकायला पाहिजे."