दोन अनुदानांच्या मधले महिने

संशोधक मित्रहो, आणि घरात संशोधक असल्यामुळे महिनाअखेरीची ओढाताण ठाऊक असलेले त्यांचे आप्त,

अध्यक्षाने संशोधनाच्या पद्धतीवर बोलावं, अशी रीत आहे. मी आज पगारावर बोलणार आहे. एक प्रकल्प संपतो, दुसरा मंजूर व्हायचा असतो, आणि मधल्या सहा-आठ महिन्यांत माणसाने कशावर जगायचं, एवढाच माझा विषय आहे. बडोद्यात तो काढताना संकोच वाटत नाही, कारण या गावाने त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एकदा देऊन ठेवलं आहे.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश फिरून कलकत्त्याला पोचले आणि तिथे पाली शिकवू लागले. पण मराठी माणसांत राहून मराठीत लिहावं, ही त्यांची तळमळ होती. महाराष्ट्रात तेव्हा पालीला ना खातं होतं, ना पद. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा, एवढीच अट. बडोद्याला येऊन राहा असंही म्हटलं नाही. कोसंबींनी कलकत्ता विद्यापीठाचा याहून कितीतरी मोठा पगार सोडला आणि हे ५० रुपये घेतले. त्या काळात ते पुण्यात डॉ. भांडारकरांच्या सहवासात आले, मुंबई विद्यापीठात पालीचा शिरकाव झाला, बडोद्यात व्याख्यानं झाली आणि हार्वर्डच्या प्रा. वुड्सशी गाठ पडली. १९१० साली ते ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी अमेरिकेला गेले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. या सगळ्याआधीची जी रिकामी जागा होती, ती त्या ५० रुपयांनी भरली. मी जेव्हा जेव्हा हा हिशेब मांडतो तेव्हा मला रकमेपेक्षा तीन वर्षांची खात्री मोठी वाटते.

दुसरी गोष्टही याच गावची आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेले. तिथून लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राचा प्रबंध हाती घेतला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना करारानुसार संस्थानच्या नोकरीत यावं लागलं. त्यानंतर इथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही, कचेरीत त्यांची विटंबना झाली. तो अन्याय जातीचा होता. पगाराच्या प्रश्नाखाली तो कोणी झाकू नये, मीही झाकत नाही. पण तुटलेल्या प्रबंधाचं पुढे काय झालं, ते आपण संशोधकांनी पाहायला हवं. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा लंडनने दिली होती. जागा राखलेली होती, फक्त जाण्याइतके पैसे नव्हते. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेऊन आणि शाहू महाराजांच्या मदतीने ते १९२० साली परत गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. मधली तीन वर्षं एवढा निग्रह दाखवणं किती जणांना जमेल?

आजची रीत तुम्हाला पाठ आहे. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपली यूसी, ऑडिट होऊन गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. प्रकल्प संपला की प्रोजेक्ट असिस्टंटचा करार त्याच दिवशी संपतो. २०२३ पासून ज्युनिअर फेलोला दरमहा ३७,००० आणि सिनिअरला ४२,००० रुपये ठरले, त्याचं मी स्वागतच करतो. पण हे पैसे कोणत्या तारखेला येतील ते कुणी सांगत नाही, आणि फेलोशिपची वर्षं सरल्यावर काय, तेही नाही. महाराष्ट्रातल्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधकांना तर हक्काच्या रकमेसाठी उपोषणाला बसावं लागलं.

माझ्या हाताखाली एक मुलगी मोडी वाचायची. शिकस्ता वळणाचं, शाई उडालेलं पान ती असं वाचायची, की मी माझा चष्मा पुसत राहायचो. प्रकल्प मार्चमध्ये संपला. नवा मंजूर झाला तो डिसेंबरात. आम्ही ज्या संस्थेत होतो तिच्याकडे नऊ महिने तिला देण्यासाठी ‘हेड’ नव्हतं. ती एका कॉल सेंटरमध्ये लागली आणि डिसेंबरात परत आली नाही. तिचा दोष नव्हता, घरी आई आजारी होती. तिच्या जागी आलेल्या मुलाला तयार करायला मला दोन वर्षं लागली, म्हणजे नव्या अनुदानाचा मोठा भाग तिथेच गेला. नऊ महिन्यांचा पगार त्याहून स्वस्त पडला असता. याच गावात प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ अशी कांडामागून कांड छापली. संपादक बदलले, काम थांबलं नाही. पाठभेद नोंदवणारी माणसं दर तीन वर्षांनी घरी बसली असती, तर उत्तरकांडापर्यंत कोण पोचलं असतं?

देशात याची नजीर नाही असंही नाही. १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू झाला, तो परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांना कायम जागा मिळेपर्यंत एखाद्या प्रयोगशाळेत पगारावर ठेवण्यासाठी. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाने वेगळी योजना काढली. परदेशातली अनेक विद्यापीठं दोन अनुदानांमधला पगार स्वतःच्या निधीतून भरतात. आपल्याकडे प्रत्येक प्रकल्पातून विद्यापीठाला ओव्हरहेड मिळतो. त्याचा एक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि ज्याचा पुढचा अर्ज दाखल झाला आहे अशा संशोधकाला व त्याच्या सहायकाला नऊ महिन्यांपर्यंत पूर्वीचाच पगार द्यावा. कर्ज म्हणून नको. अट सयाजीरावांचीच असू द्या, या काळात एक लेख किंवा एक संपादित भाग पुरा करायचा.

दुपारच्या सत्रात याच मागणीचा ठराव येतो आहे. मसुद्यात ‘शक्यतो’ असा शब्द आहे, तो काढावा अशी दुरुस्ती मी इथूनच सुचवतो. आणि सहायकांचा पगार कायम नोकरांच्याच तारखेला व्हावा, हे वाक्य त्यात घालावं.