परमुलखातले बिऱ्हाड

माझा जन्म निपाणीत झाला, 1953 साली. निपाणी त्या वेळी मुंबई राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घालण्यात आला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. 1973 साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक असे नामांतर झाले, तेव्हा मी वडिलांच्या वखारीत तंबाखूचे पान हातात चुरून त्याची प्रत ओळखण्याचे शिक्षण घेत होतो. म्हणजे घराचा उंबरा न ओलांडता राज्याची तीन नावे माझ्या पत्त्यावर लिहून झाली. आमच्या सीमाभागातील माझ्या वयाच्या कोणाही माणसाला हे सांगितले, तर तो म्हणेल, यात नवल ते काय?

माझ्या मुलाने मात्र एका रात्रीत मुलूख बदलला. बेळगावात त्याचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले, उद्यमबागेतील एका कारखान्यात काही वर्षे नोकरी झाली, आणि 2019 च्या ऑक्टोबरात तो पत्नी व तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन जर्मनीतील उल्म या गावी नोकरीसाठी गेला. परदेशी जाणे ही आज आमच्याकडे अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात ज्या घरातले कोणीच बाहेर नाही, असे घर शोधावे लागेल. परंतु एकट्या तरुणाने जाणे वेगळे आणि बिऱ्हाड घेऊन जाणे वेगळे. एकटा माणूस नोकरी करतो, खोलीवर येतो आणि झोपतो. लेकराबाळांसह गेलेल्याला तिथल्या बालवाडीशी, डॉक्टरशी, शेजाऱ्याशी आणि केरकचऱ्याच्या डब्याशीदेखील संबंध जोडावा लागतो. त्या बिऱ्हाडाची हकीकत आज सांगावयाची आहे.

निघताना पेट्यांचे वजन तीन वेळा झाले. मेतकूट, ब्याडगी मिरचीचे तिखट आणि बेळगावचा कुंदा यांबद्दल वाद नव्हता. वाद झाला तो सहाणेवरून. पोराला वेखंड उगाळून द्यायला सहाण हवीच, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. आणि दगड विमानातून न्यायचा का, असे चिरंजीवांचे. अखेर सहाण गेली. तिच्यावर तिकडे वेखंड कधी उगाळले गेले नाही. मी गेल्या उन्हाळ्यात गेलो, तेव्हा ती खिडकीत एका कुंडीखाली होती.

उल्म हे डॅन्यूब नदीच्या काठचे सव्वा लाख वस्तीचे गाव. आइन्स्टाइनचा जन्म तिथे 1879 साली झाला, आणि तिथल्या चर्चचा मनोरा 161 मीटर उंच आहे. माझ्या सूनबाईंना पहिल्या हिवाळ्यात यातले काही दिसले नाही. त्यांना दिसले ते दुपारी साडेचार वाजता काळोख होणारे आभाळ आणि रविवारी बंद असणारी सगळी दुकाने. त्या देशात नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नाव नोंदवावे लागते. तो एक कागद हाती असल्यावाचून पुढचे बहुतेक कागद हलत नाहीत. आजारपणाचा विमा सक्तीचा. कचऱ्याचे कागद वेगळे, वेष्टणे वेगळी, भाजीची देठे वेगळी आणि उरलेला कचरा वेगळा. प्रत्येक गोष्टीला नियम आहे, तो कोठेतरी छापलेला आहे, आणि तो जर्मनमध्ये आहे.

एके दिवशी त्यांच्या दाराला कोणीतरी एक लहानशी पाटी अडकवून ठेवली. सूनबाईंना वाटले, आपल्या फोडणीच्या वासाबद्दल तक्रार असावी. त्या दिवसभर दार उघडेनात. संध्याकाळी मुलाने येऊन वाचले, तर ती जिना झाडण्याच्या पाळीची पाटी निघाली. त्या भागात 'केहर्वोखे' म्हणून जुनी चाल आहे. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना व अंगण झाडायचे आणि पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. आमच्याकडे नळाच्या पाण्याची पाळी असते तसेच हे. पाळी लावणे म्हणजे बिऱ्हाडात घेणे असते. पण पाटी वाचता येत नसेल, तर मान आणि अपमान यांतला फरकही कळत नाही, हे सूनबाईंनी त्या दिवशी ओळखले असावे. दुसऱ्या आठवड्यापासून त्या जर्मनच्या वर्गाला जाऊ लागल्या.

पोराची गोष्ट याहून कठीण होती. वर्ष पुरे झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क त्या देशाने 2013 पासून कायद्याने दिला आहे. प्रत्यक्ष जागा मात्र वाट पाहूनच मिळते. ती फेब्रुवारीत मिळाली. तिथे मुलाला पहिल्याच दिवशी रडत ठेवून निघून येण्याची पद्धत नाही. आई काही दिवस त्याच्याबरोबर वर्गात बसते, मग दहा मिनिटे बाहेर जाते, मग अर्धा तास, असे करीत मूल रुळते. आमचा नातू रुळतो आहे असे वाटू लागले, तोच मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा आणि बालवाड्या बंद झाल्या. पुढे त्या उघडल्या, तरी तीन-चार महिने हे पोर तिथे एक अक्षर बोलले नाही. घरी चिमणीसारखी बडबड, आणि बालवाडीत ओठ घट्ट. बाई म्हणत, तो ऐकतो आहे, त्याला ऐकू द्या. निपाणीत आम्ही दोघे म्हातारी रात्र रात्र जागत होतो. विमाने बंद, काही करता येत नव्हते. अखेर त्याचा पहिला जर्मन शब्द बाहेर पडला तो 'नाइन', म्हणजे 'नाही'. त्याचे खेळणे कोणी ओढून घेत होते. परभाषेत पाय रोवायला हाच शब्द आधी लागत असावा.

त्यानंतर मात्र धरणाचे दार उघडावे तसे झाले. 2022 च्या सप्टेंबरात तो पहिलीत गेला. त्या दिवशी तिकडे मुलाच्या हातात खाऊने भरलेली, त्याच्या अर्ध्या उंचीची कागदी सुरळी देतात. त्याचे छायाचित्र आमच्याकडे भिंतीवर आहे. मी ते कौतुकाने लावले, आणि त्याच वर्षी माझ्या ध्यानात आले की दूरध्वनीवर मी मराठीत विचारतो आणि नातू जर्मनमध्ये उत्तर देऊन पळतो. त्याचे बोलणे त्याचा बाप मला समजावून सांगू लागला. स्वतःच्या नातवाशी दुभाष्याच्या मार्फत बोलावे लागावे, याचे दुःख ज्याला ते भोगावे लागले त्यालाच कळेल. मी मुलाला खडसावले. घरात मराठीखेरीज शब्द काढायचा नाही, असे फर्मान काढले. आमच्या भागातला माणूस मराठीसाठी लाठ्या खाऊन आलेला. तुम्ही ती अशी सोडून देता, असेही बोललो. मुलगा ऐकून घेत असे. फर्मानाने फरक काही पडला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी नव्वद दिवसांच्या परवान्यावर उल्मला गेलो. एके दुपारी घरभाड्यासंबंधी चार पानी पत्र आले. सूनबाईंनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते वाचले, एका कलमाखाली रेघ मारली आणि संबंधित कचेरीला दूरध्वनी करून त्या पाच मिनिटे बोलल्या. मी चकित झालो. म्हटले, "सूनबाई, सहा वर्षांत तुम्ही यांची सरकारी भाषासुद्धा वाचू लागलात." त्या भांडी पुसत होत्या. सहज म्हणाल्या, "अण्णा, निपाणीला शेताचा उतारा आला की तुम्ही तो कोणाकडून वाचून घेता?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खानापूरच्या, त्यांच्या माहेरीही तेच चालते. आमच्याकडे उतारा कन्नडमध्ये येतो, आणि मी तो शेजारच्या दहावीतल्या मुलाकडून वाचवून घेतो. कन्नड मला बाजारापुरती कळते. या, बसा, किती, पुरे. लिपी मला वाचता येत नाही.

श्रोतेहो, माझ्यापाशी उत्तर नव्हते असे नाही. माझा मुलगा आपण होऊन परमुलखात गेला; आम्ही कोठे गेलो नाही, मुलूखच आमच्या पायाखालून हलविण्यात आला. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते, तेही घडले नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे 350 अ हे कलम 1956 सालापासून सांगते. आपल्या भाषेत कागद मागणे हा काही उद्दामपणा नव्हे. यातले एकही म्हणणे मी आज मागे घेत नाही. परंतु ही सारी उत्तरे सरकारला द्यावयाची होती. सूनबाईंनी प्रश्न विचारला होता तो मला.

त्या रात्री मला वखार आठवत राहिली. चिकोडी-हुक्केरीकडचे कन्नड बोलणारे शेतकरी चाळीस वर्षे माझ्याकडे तंबाखू घेऊन येत. भाव, उचल, घरातले लग्न, बैलाचे आजारपण, सर्व ते माझ्याशी मराठीत बोलत. आपसांत कन्नड आणि माझ्याकडे वळले की मराठी. त्यांनी माझी भाषा शिकून घेतली होती, आणि मी तो माझ्या भाषेचा विजय समजत आलो होतो. त्यांच्या घरी मी जेवलो आहे. त्यांच्या आईशी मला कधी दोन वाक्यांपलीकडे बोलता आले नाही. घरात मला सगळे 'अण्णा' म्हणतात, सूनबाईही आणि नातूही. हा शब्ददेखील आपल्याकडे कन्नडातून आलेला.

उल्मला नदीच्या पुलावरून पलीकडे गेले की राज्य बदलते. 1810 साली उल्म व्युर्टेम्बर्गकडे आले आणि डॅन्यूब ही सरहद्द ठरली. पलीकडचा काठ बव्हेरियाकडे राहिला आणि तिथे पुढे नवे उल्म उभे राहिले. आता योगायोग असा की 2007 पासून बव्हेरियाचा मैत्रीकरार कर्नाटकाशी आहे, आणि अलीकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा 2015 पासून महाराष्ट्राशी. म्हणजे माझा मुलगा तिथेही सीमेवरच राहतो! मी रोज सकाळी पायी कर्नाटकच्या मित्रराज्यात जाऊन परत महाराष्ट्राच्या मित्रराज्यात चहाला येत असे. बस दोन्ही काठांवर एकच फिरते. 15 ऑगस्टला बव्हेरियात बहुतेक ठिकाणी मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते, अलीकडे नसते. तेवढ्यावरून सीमा कळते. अर्थात दोन्हीकडे भाषा एकच, तेव्हा त्यांचे उदाहरण आम्हांला लागू करण्यात मतलब नाही. तरी पुलावर उभे राहिले की मन आपोआप दूधगंगेवर जात असे.

नातवाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी तिथे असताना मुलगा नोकरीला, सूनबाईही आता अर्धवेळ नोकरी करतात. शाळा सुटल्यावर मला सांभाळण्याचे काम नातवाकडे आले. पावाच्या दुकानात मी मराठीत सांगायचे आणि त्याने जर्मनमध्ये मागायचे. दुकानातल्या बाई काही म्हणाल्या की मला मराठीत सांगायचे. पहिल्या आठवड्यात तो वैतागला. शब्द अडत, तो हातवारे करी. तिसऱ्या आठवड्यात तो मला दटावू लागला, "अण्णा, सिग्नल लाल आहे, थांबा की!" हा 'की' आमच्या निपाणीचा, त्याला कोणी शिकविलेला नव्हता. जे माझ्या फर्मानाने झाले नाही, ते माझ्या अडाणीपणाने झाले. मराठीला त्याच्या दिवसात काहीतरी काम मिळाले होते. मोठ्या शहरांत मराठी मंडळे असतात, गणपती बसतात, मुले मराठीत नाटुकली करतात. ते चांगलेच आहे. पण वर्षातून दोनदा नेसवलेली पैठणी आणि रोजचे लुगडे यांत अंतर राहतेच.

मुलापुढे आता नागरिकत्वाचा प्रश्न आहे. धाकटी नात 2021 साली तिथेच जन्मली, तीही आज भारतीयच आहे. जर्मनीने 2024 पासून परक्यांना आपले मूळ नागरिकत्व ठेवण्याची मुभा दिली. परंतु आपला कायदा दोन नागरिकत्वे मान्य करीत नाही. तिकडचे पारपत्र घेतले की इकडचे परत द्यावे लागते. त्याने माझे मत विचारले. पूर्वीचा मी असतो तर तत्काळ दिले असते. या वेळी म्हटले, तुझ्या मुलांना पुढची पन्नास वर्षे जिथे काढायची आहेत तिथला विचार कर; आणि हे बोलताना आवाज नीट राहिला नाही, हेही कबूल करतो. त्याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.

निपाणीला परत आल्यावर मी दहावीतल्या त्या मुलाला गुरू केले आहे. दर रविवारी, उल्मला सकाळचे दहा वाजतात तेव्हा, नातू पडद्यावर येतो. तो देवनागरीची दोन अक्षरे काढून दाखवितो आणि मी कन्नडची दोन. तो माझ्यापेक्षा पुढे आहे. माझी जोडाक्षरे अजून घसरतात, आणि उतारा वाचताना गट क्रमांकापलीकडे नाव लावीपर्यंत दम लागतो. त्याची अडचण एकच, त्याला 'ळ' म्हणता येत नाही. जर्मनमध्ये तो नाही. कन्नडमध्ये मात्र आहे, आपल्यासारखाच. हे कळल्यावर दोघांनाही आनंद झाला. आता आम्ही दोघे मिळून एका बाजूने मराठी व दुसऱ्या बाजूने कन्नड 'ळ' गिरवितो. परवा त्याने 'केळे' स्पष्ट म्हटले. 'बेळगाव' म्हणताना मात्र जीभ मागे वळविता वळविता तो हसू लागतो, आणि ते अजून 'बेलगाव'च होते.