जुन्या मोटारीचे गिअर : चालकाच्या हातीं किती, यंत्राच्या हातीं किती?



साठ-सत्तर वर्षांपूर्वींची अमेरिकन मोटार हौसेनें दुरुस्त केली, रंगरंगोटी झाली, कीं मालकाच्या मनांत एक इच्छा डोकावूं लागते : हिचे गिअर आपोआप पडतात, ते आपल्या हातानें टाकतां आले तर काय बहार होईल! ही हौस पुरविणारा एक भाग बाजारांत मिळतो. त्याला ‘मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी’ म्हणतात. रस्त्यावर नित्य फिरणाऱ्या गाडीसाठीं तो कसा निवडावा, एवढाच आजचा विषय आहे. ज्या मोटारीला पायाशीं क्लच आहे, तिच्या मालकाला अर्थातच ही चिंता नाहीं.

आधीं यंत्राची ओळख करून घेऊं. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठीं जनरल मोटर्सनें ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअर आणला. क्रायस्लरचा ‘टॉर्कफ्लाइट’ १९५६ सालीं आला. अशा गिअरपेट्यांत सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे धातूचा ठोकळा. त्यांत तेलाच्या वाटांचें जाळें असून त्या वाटा उघडणाऱ्या व मिटणाऱ्या झडपा असतात. टॉर्कफ्लाइटसारख्या पेटींत गाडीचा वेग ‘गव्हर्नर’ कळवितो. चालकानें ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, हें दुसरी झडप कळविते. या दोन दाबांपैकीं जो वरचढ ठरेल, त्याप्रमाणें गिअर बदलतो.

पूर्ण मॅन्युअल बॉडींत ही व्यवस्थाच काढून टाकलेली असते. दांडा जेथें ठेवाल तोच गिअर; तुम्ही विसरलांत तर यंत्र सांवरून घेणार नाहीं. पाव मैलाच्या शर्यतींत हें सोयीचें आहे, कारण तीन गिअरच्या गाडींत तेथें दांडा दोनदांच हलवावयाचा असतो.

परंतु जालना शहराच्या बाजारपेठेंतून गाडी काढतांना तो किती वेळां हलवावा लागेल, याचा हिशेब करा. पुढें हातगाडी, मागें ट्रक; थांबलेली गाडी चालक नकळत तिसऱ्याच गिअरमध्यें पुढें काढतो. मग टॉर्क कन्व्हर्टरमध्यें तेल नुसतें घुसळून तापतें. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, आणि उष्णतेइतका या गिअरपेटीचा दुसरा वैरी नाहीं.

उलट समृद्धी महामार्गावर दांड्याला कामच उरत नाहीं. तेथें भय निराळें आहे. टॉर्कफ्लाइटच्या मूळ बॉडींत भरधांव वेगांत दांडा चुकून पहिल्यावर आला, तरी वेग उतरेपर्यंत यंत्र दुसराच गिअर धरून ठेवतें. पुष्कळ मॅन्युअल बॉडींत हा पहारा नसतो. चाकें एकाएकीं आंवळलीं जातात, आणि गाडी हातांतून सुटणें किंवा इंजिन फुटणें हें क्षणाचें काम होय.

भोकरदनकडून सिल्लोडमार्गें अजिंठ्याचा घाट उतरतांना तिसरी कसोटी लागते. कांहीं मॅन्युअल बॉडींत पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचा रोध मिळत नाहीं. मग सर्व भार जुन्या ड्रम-ब्रेकांवर पडतो. ते तापले कीं पकड सोडूं लागतात. म्हणून रोध कोणकोणत्या गिअरमध्यें मिळतो, हें विकणाऱ्यास आधीं विचारावें.

दांड्याचा क्रमही पाहावा. कांहीं बॉडींत तो उलटा असतो : न्यूट्रलनंतर पहिला, दुसरा, शेवटीं तिसरा. वरचा गिअर टाकतांना चुकून न्यूट्रलमध्यें जाण्याचा धोका त्यामुळें टळतो. परंतु घरांतील दुसऱ्या कोणीं सवयीप्रमाणें न्यूट्रलपुढचें घर ‘ड्राइव्ह’ समजून गाडी हांकली, तर ती पहिल्यांतच ओरडत राहील.

मग निवड कोणती? दोहोंच्या मधली एक जात आहे. तींत ‘ड्राइव्ह’मध्यें गिअर आपोआप पडतात, दांडा पहिल्या वा दुसऱ्या घरांत ठेवला, तर मात्र तोच गिअर टिकून राहतो. गर्दींत यंत्र राबतें, घाटांत चालकाचा हुकूम चालतो. रस्त्यावरच्या मोटारीसाठीं हीच घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. ती आपल्या गिअरपेटीच्या नेमक्या जातीची व सालाची आहे, याची खात्री करावी. तेल थंड करणारा वेगळा कूलर बसवावा. आणि काढलेली मूळ बॉडी भंगारांत न देतां तेल लावून जपून ठेवावी. बदल मानवला नाहीं, तर तीच पुन्हां उपयोगीं पडेल.