'ऐकत नाही' आणि 'ऐकू येत नाही'

टेंभुर्णीहून आम्ही काही जणी बोलतोय. आजचा विषय कानाचा आहे, पण औषधाचा नाही. कान दुखत असेल, वाहत असेल तर डॉक्टरांकडेच जायचं. कोमट तेल, काडी, लसणीची पाकळी यातलं काहीही कानात घालायचं नाही. तो भाग इथेच संपवतो. आज बोलायचंय ते वेगळं. आपल्याला कमी ऐकू येतं, हे दुसऱ्याला सांगायचं कोणत्या शब्दांत?

आपल्या भाषेत 'ती ऐकत नाही' म्हणजे सांगितलेलं करत नाही. 'तिला ऐकू येत नाही' म्हणजे तिचे कान साथ देत नाहीत. पण घराघरांत दुसऱ्याच्या जागी पहिलंच वाक्य बोललं जातं. सासूने हाक मारली, सून मागच्या दारी भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. झालं, सून ऐकत नाही! म्हाताऱ्या आत्यांनी नातवाला उत्तर दिलं नाही, तर आत्या हट्टी झाल्या. कानाचा दोष बाईच्या स्वभावावर जातो. पुरुषाला मात्र 'कानाने जरा जड आहेत' म्हणून सोडून देतात. हे आमचं निरीक्षण आहे, पटलं नाही तर कळवा.

मग स्वतःला काय म्हणायचं? आमच्यातल्या एक मावशी सरळ सांगतात, "मी बहिरी हाय, समोर येऊन बोल." शब्द त्यांनी स्वतः घेतलाय, त्यांना शोभतो. पण दुसऱ्या एकीने तोच शब्द वापरला आणि आठवड्याने कुजबुज सुरू झाली, "सोंग करते. पैशाचं बोललं की बरोबर ऐकू येतं." कारण बहिरी म्हटलं की लोक समजतात, काहीच ऐकू येत नाही. आणि 'मूकबधिर' तर बहुतेकींना लागूच होत नाही, आमची तोंडं चांगली चालतात.

खरं काय होतं ते नीट समजून घेऊ. वयाने किंवा कारखान्यातल्या, मागावरच्या आवाजाने कान कमी झाला, की बहुतेक वेळा बारीक आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आवाजाची. आ, ओ, ऊ हे स्वर जाड, ते बराच काळ ऐकू येतात. म्हणून बोलणं कानावर पडतं, पण शब्द उमगत नाही. 'साडी' म्हटलं की नुसतं 'आडी' येतं, ती साडी, गाडी की वाडी ते अंदाजाने ठरवायचं. घरातल्या शांततेत अंदाज बरोबर येतो. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून महामार्गावरून जात असले, की तीच बाई पार चुकते. सोंग नाही ते.

अंदाज चुकला तर काय होतं, तेही ऐका. 'साठ'मधला स गेला की उरतो 'आठ'. बचत गटाच्या बैठकीत एकीने साठ हजारांचं कर्ज मागितलं, शेजारच्या काकूंना आठ हजार ऐकू आलं. सगळ्या हो म्हणाल्या, काकूही म्हणाल्या. पुन्हा विचारायची लाज वाटली. ठरावाच्या वहीवर सही करताना आकडा दिसला, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. गटाच्या कर्जाला सगळ्या जबाबदार असतात. न कळता मान डोलावणं किती महागात पडलं असतं!

तेव्हापासून आम्ही वाक्यं तयार करून ठेवली आहेत. नुसतं "मला ऐकू येत नाही" म्हटलं, की समोरचा माणूस ओरडतो. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाही, उलट अशा कानाला मोठा आवाज टोचतो. म्हणून आपल्याला काय हवं ते सांगायचं. "आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडू नका, सावकाश बोला." "माझ्या उजव्या बाजूला बसा, तो कान बरा आहे." "तोंडावरचा पदर काढून बोल गं, ओठ दिसले की कळतं." आणि हे जरा अवघड, पण एकमेकींत चालतं, "आधी मिसरी थुंकून ये, मग बोल." तेच वाक्य परत कळलं नाही, तर "वेगळ्या शब्दांत सांगा" म्हणायचं. आकडा असेल तर हटकून लिहून घ्यायचा. "काय कळलं ते मी सांगते, बरोबर आहे का बघा," हे वाक्य काकूंचं. आता ते ज्यांना चांगलं ऐकू येतं त्याही वापरतात.

सरकारी कागदावर मात्र आपले शब्द चालत नाहीत. तिथे 'कर्णबधिर' लिहितात आणि माप लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्ट्यातलं 70 डेसिबल ऐकणं कमी झालेलं असेल तर बधिर, आणि 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारी, अशी व्याख्या आहे. हे तपासणीच्या यंत्रावर ठरतं. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त आलं तर बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो. त्याहून कमी भरलं, तर त्या सवलती मिळणार नाहीत, पण त्रास खोटा ठरत नाही. घरी सांगायला प्रमाणपत्र लागत नाही.

सुनांनो, लेकींनो, हे भाषण रेडिओवर आहे आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ते नीट ऐकू जाणार नाही. म्हणून ते छापतोय. त्यांच्या समोर बसून वाचून दाखवा.

एसटी स्टँडवरचं राहिलं. भोंग्यावरची घोषणा कान चांगला असलेल्यांनाही धड कळत नाही. आमच्यातल्या एक जण बाकावर बसतानाच शेजारणीला सांगून ठेवतात, "मला भोंग्यातलं कळत नाही. पंढरपूर गाडी लागली की हात करा." अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.