धातूचा थकवा

आपल्या पिंगळी स्थानकावरून जाणाऱ्या आगगाडीचा आस चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक वाकतो व सरळ होतो. ओझे बेताचे असूनही असे आस का तुटतात, याचा छडा एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंते ऑगस्ट वोलर यांनी लावला. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. तिच्या आत ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. थोडथोडा ताणही त्याच्या अंगी साचत जातो. १९५४ साली कॉमेट विमाने हवेतच फुटली, ती अशाच थकव्याने. उड्यांच्या कसरतीची ॲल्युमिनियमची सायकल बहुधा सांध्यापाशी तडकते. वेल्डिंगच्या आचेने तेथला धातू मऊ पडलेला असतो आणि ताणही तेथेच एकवटतो. म्हणून आम्ही एवढेच विनवितो : मुलांची सायकल पुसताना सांधे न्याहाळा, केसाएवढी चीर दिसली, तरी ती फ्रेम पुन्हा वापरू देऊ नका.